रिकामा हात म्हणजे नासाडी नव्हे

विरारच्या मनवेलपाड्यातून रोज कितीतरी माणसं वसईतल्या वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत कामाला जातात. अशा छोट्या कारखान्यांत खर्च कमी करण्याचा विषय निघाला की हमखास एकच वाक्य ऐकू येतं: माणूस रिकामा दिसता कामा नये, मशीन बंद राहता कामा नये. सुपरवायझरची हुशारीसुद्धा यावरच जोखली जाते. हा समज चुकीचा आहे आणि महागातही पडतो. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी उत्पादनातल्या नासाडीचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, ताटकळणं, मालाची ने-आण, साठा, उगाचची हालचाल, अनावश्यक प्रक्रिया आणि रिजेक्शन. ताटकळणं त्यात आहे, हे खरं. पण ओनो सर्वांत वाईट मानत ते जास्तीच्या उत्पादनाला, कारण बाकीची बरीच नासाडी त्यातूनच निघते. मशीन चालू राहावं म्हणून ऑर्डर नसलेला माल काढला, तर कच्च्या मालात पैसे अडकतात, कॅश क्रेडिटवर व्याज चढतं, गाळ्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. आणि डायमधला दोष पाच हजार नग निघून गेल्यावर ध्यानात येतो.

यात मतभेदाला फारशी जागा नाही, कारण हा हिशेबाचा भाग आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, रोज २०० नग बाहेर पडत असतील आणि आत २,००० अर्धवट पडले असतील, तर एक नग आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सरासरी दहा दिवस जातात. कारागिरांनी घाम गाळला तरी ढीग आणि रोज बाहेर पडणारे नग तेवढेच असेतो हे दहा दिवस कमी होत नाहीत. कामं अनियमित येत असतील, तर रांगेच्या सर्वांत साध्या गणितात ८० टक्के व्यग्र मशीनपुढे कामाला स्वतःच्या वेळेच्या चौपट थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. मोकळीक संपली की उशीर असा उसळतो. मुंबईच्या डबेवाल्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. हार्वर्डचे प्राध्यापक स्टीफन थॉमके यांनी २०१२ मध्ये लिहिलंय की त्यांच्या प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जादा असतात, जिथे गरज पडेल तिथे धावून जाण्यासाठी. खर्चकपातवाल्याची कात्री पहिल्यांदा नेमकी त्यांच्यावरच चालली असती!

यावर मालकांचा आक्षेप असतो की पगार आणि मशीनचा हप्ता तर चालूच राहतो. राहतोच, पण नको असलेला माल काढून तो फिटत नाही, उलट त्यात कच्च्या मालाची भर पडते. अपवाद एकच: ज्या मशीनवर सगळं काम तुंबतं, ते बंद राहिलं तर नुकसान खरंच होतं. बाकीच्या मशीनना तो नियम लावू नका. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. डाय बदलायला तासन्‌तास लागतात, मग लॉट मोठा काढावाच लागतो ना? अहो, मग डाय बदलण्याचा वेळ कमी करा! शिगेओ शिंगो यांनी १९६९ पासून टोयोटात एक हजार टनी प्रेसचा हा वेळ चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. मशीन थांबवण्याआधी होण्यासारखी कामं आधीच उरकणं, हे त्यातलं मुख्य सूत्र होतं आणि त्याला नवं मशीन लागत नाही.

नासाडी कमी करणं म्हणजे माणसं कमी करणं, हाही गैरसमजच. तसं झालं तर पुढच्या वेळी दोष दाखवायला कोण पुढे येईल? हे फक्त मोठ्या कंपन्यांचं काम, हेही खरं नाही: केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने मार्च २०२३ मध्ये नव्याने सुरू केलेल्या, नासाडी कमी करण्यासाठीच्या ‘लीन’ योजनेत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलतं.

तेव्हा गाळा चालवणाऱ्यांना एवढीच विनंती: पुढचा लॉट लावण्याआधी जमिनीवर पडलेला अर्धवट माल एकदा मोजा आणि त्याला रोज बाहेर पडणाऱ्या नगांनी भागा. येईल तो आकडा कामगारांनाही सांगा.