संगणकाचे घड्याळ

संगणक बंद असतानाही वेळ व तारीख यांची गणना चालू ठेवणारी इलेक्ट्रॉनीय योजना. एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स या दोन परिचालन प्रणाली आळीपाळीने वापरल्यास भारतात या घड्याळात पुष्कळदा नेमकी ५ तास ३० मिनिटांची चूक आढळते. ती यंत्रातील बिघाडामुळे होत नाही. घड्याळातील आकडा कोणत्या वेळेचा मानावयाचा यासंबंधी दोन प्रणालींचे संकेत भिन्न असल्यामुळे होते.

रचना : संगणकात दोन घड्याळे असतात. पहिले मदरबोर्डवर बसविलेले यंत्रस्थ घड्याळ होय. त्यातील क्वॉर्ट्‌झ स्फटिकाची कंप्रता सामान्यतः सेकंदाला ३२,७६८ कंपने इतकी असते. ही संख्या २ चा १५ वा घात असल्याने ती १५ वेळा निमपट केली की, सेकंदाला एक स्पंद मिळतो. वीजपुरवठा नसताना नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा लिथियम घट हे घड्याळ चालू ठेवतो. आयबीएम कंपनीच्या पीसी एटी (१९८४) या संगणकापासून ही रचना रूढ झाली. दुसरे घड्याळ परिचालन प्रणालीचे असून संगणक सुरू होताना ते पहिल्यावरून लावले जाते. यंत्रस्थ घड्याळ तारीख व वेळ यांचे केवळ आकडे जपते. ते कोणत्या ठिकाणच्या वेळेचे आहेत, ही नोंद त्यात सामान्यतः नसते.

अशी अडचण संगणकापूर्वीही होती. उदगीर हे गाव ७७° पूर्व रेखांशाच्या किंचित पूर्वेस आहे, तर भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशावरून ठरते. एका अंशास ४ मिनिटे या हिशेबाने उदगीरची स्थानिक माध्य वेळ प्रमाणवेळेच्या सु. २१ मिनिटे मागे पडते. प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी अमलात आली, तरी तिच्या ३९ मिनिटे मागे असणारी ‘मुंबई वेळ’ मुंबईत नंतर अनेक वर्षे चालू होती. त्यामुळे तेथे नुसते ‘दहा वाजता’ म्हणून भागत नसे. कोणत्या वेळेचे दहा, हेही सांगावे लागे.

दोषाचे स्वरूप : विंडोज ही प्रणाली यंत्रस्थ घड्याळातील आकडा स्थानिक प्रमाणवेळेचा मानते. बहुतेक लिनक्स प्रणाली तोच आकडा जागतिक वेळेचा मानून त्यात ५ तास ३० मिनिटे मिळवितात. समजा, उदगीर येथे सकाळचे १० वाजले आहेत. लिनक्स यंत्रस्थ घड्याळात ४.३० लिहिते. नंतर लगेच विंडोज सुरू केल्यास पहाटेचे ४.३० वाजल्याचे दिसते. विंडोजने इंटरनेटवरून वेळ सुधारून तेथे १० लिहिले, तर लिनक्समध्ये दुपारचे ३.३० दिसतात. अशा रीतीने प्रत्येक प्रणालीची दुरुस्ती ही दुसरीच्या दृष्टीने चूक ठरते आणि हाताने काटे फिरवून हे चक्र थांबत नाही.

परिणाम किरकोळ नसतात. मध्यरात्र ते पहाटे ५.३० या काळात विंडोजमधील तारीखही एक दिवसाने मागे जाते. फायलींवर चुकीच्या वेळा पडल्याने जुनी व नवी प्रत ओळखता येत नाही. वेळेवर आधारित सांकेतिक अंक त्या संगणकावर तयार होत असल्यास ते नाकारले जातात.

निदान : प्रणाली बदलल्यावरच नेमका ५ तास ३० मिनिटांचा फरक पडत असेल, तर वरील कारण समजावे. वीज बंद ठेवल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जात असेल, तर घट संपलेला असण्याचा संभव असतो. दररोज एकदोन सेकंदांचा फरक हा स्फटिकाच्या स्वाभाविक मर्यादेमुळे पडतो. एकाच प्रणालीत कायम ठराविक तासांचा फरक राहिल्यास तीत निवडलेला कालविभाग तपासावा.

उपाय : दोहोंपैकी एकाच प्रणालीचा संकेत बदलावयाचा असतो. (१) विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘टाइमझोनइन्फर्मेशन’ या विभागात ‘रियलटाइमइजयुनिव्हर्सल’ हे मूल्य नव्याने निर्माण करून ते १ करतात. त्यामुळे विंडोजही यंत्रस्थ घड्याळ जागतिक वेळेचे मानते. रजिस्ट्रीतील फेरफारापूर्वी तिची प्रत काढून ठेवणे आवश्यक असते. (२) लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा देतात. मग लिनक्स स्थानिक वेळ मानते. १ ऐवजी ० दिल्यास मूळ संकेत परत येतो. नावे व आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत द्याव्या लागतात. दुसरा उपाय सोपा असला, तरी उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करणाऱ्या देशांत दोन्ही प्रणाली तो तास स्वतंत्रपणे मिळवू शकतात, म्हणून पहिला अधिक श्रेयस्कर होय. भारतात सध्या अशी प्रथा नसल्याने येथे दोन्ही उपाय चालतात. मात्र दोन्ही एकदम योजल्यास संकेतांची केवळ अदलाबदल होऊन चूक उलट्या दिशेने कायम राहते. बदलानंतर इंटरनेटवरून वेळ एकदा जुळवून घ्यावी आणि दोन्ही प्रणाली क्रमाने सुरू करून ती पडताळावी.