राष्ट्राचे रखवालदार

घराच्या दोन रखवालदारांनीं परस्परांशीं बोलणें सोडलें, तर चोराचें फावतें. राष्ट्राचीही गोष्ट अशीच आहे. भारतांत देशांतील व परदेशांतील गुप्तवार्ता मिळविण्याचें काम प्रथम गृहखात्याचा ‘इंटेलिजन्स ब्यूरो’च करी, १९६८ सालीं परदेशासाठीं ‘रॉ’ ही निराळी संस्था मंत्रिमंडळ सचिवालयांत स्थापन झाली. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर सर्वांच्या वार्ता एकत्र ताडून पाहण्यासाठीं ब्यूरोंत ‘मल्टी एजन्सी सेंटर’ निघालें. तरीही २००८ सालीं मुंबईवर समुद्रमार्गें हल्ला झाला. सूचना आल्या होत्या, परंतु त्या तुटक होत्या. म्हणून त्याच वर्षाअखेर सर्व संस्थांनीं आपली वार्ता या केंद्रास दिलीच पाहिजे, असें बंधन सरकारनें घातलें. तात्पर्य, माहिती असणें निराळें व ती योग्य माणसाच्या हातीं वेळेवर पडणें निराळें.