ॲपलक्रॉस

ग्रेट ब्रिटनमधील स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील एक लहान खेडे. ते ५७° २६' उ. अक्षांश व ५° ४९' प. रेखांशावर, हायलंड प्रशासकीय विभागात (पूर्वीच्या रॉस व क्रोमार्टी परगण्यात) त्याच नावाच्या द्वीपकल्पाच्या पश्चिम कडेला वसले आहे. गावासमोर इनर साउंड ही सामुद्रधुनी असून तिच्या पलीकडे रासे व रोना ही बेटे आणि त्यांच्यामागे स्काय बेटाचे डोंगर दिसतात. संपूर्ण द्वीपकल्पाची वस्ती जेमतेम दोनशे-अडीचशेच्या घरात असल्याने ‘ॲपलक्रॉस’ हे नाव व्यवहारात एका गावाऐवजी किनाऱ्यावर विखुरलेल्या सर्व वाड्यांना मिळून वापरले जाते. शोअर स्ट्रीट ही उपसागराकाठची पांढऱ्या घरांची एकच ओळ म्हणजे मुख्य गाव. स्थानिक लोक तिला नुसते ‘स्ट्रीट’ म्हणतात. दक्षिणेकडे कॅमस्टील, कॅमस्टेराख, कल्डूई व टोस्केग आणि उत्तरेकडे लॉनबेन, कॅल्नाकिल, क्वेग, फर्नमोर इ. वाड्या आहेत.

गावाच्या नावाचा सफरचंदाशी किंवा क्रूसाशी मूळचा काही संबंध नाही. ‘अपोरक्रोसन’ म्हणजे क्रोसन नदीचे मुख, या प्राचीन नावाचे ते इंग्रजी उच्चाराला सोयीचे झालेले रूप होय. गेलिक भाषेत मात्र या प्रदेशास ‘अ खोमरिख’ म्हणजे ‘अभयस्थान’ असे म्हणतात. या दुसऱ्या नावात गावाचा जुना इतिहास सामावलेला आहे.

द्वीपकल्पाचा बहुतेक भाग टॉरिडोनियन कालीन तांबूस वालुकाश्माचा असून या खडकाच्या एका प्रमुख थराला भूवैज्ञानिकांनी ‘ॲपलक्रॉस शैलसमूह’ असेच नाव दिले आहे. त्याचे वय सु. शंभर कोटी वर्षे मानतात. पूर्वेकडे बेन व्हान (८९६ मी.) व त्याच्या आसपासच्या शिखरांनी गावाचा मुख्य प्रदेशाशी असलेला संबंध जवळजवळ तोडला आहे. डोंगराळ भागातील माती आम्लधर्मी व निकस आहे. परंतु उपसागराच्या काठी नंतरच्या काळातील खडकांचा एक लहानसा पट्टा उघडा पडलेला असल्याने तेथे हिरवी, कसदार जमीन आढळते. प्राचीन काळापासून वस्ती नेमकी येथेच का झाली, याचे उत्तर या पट्ट्यात आणि समोरच्या समुद्रात मिळते. इनर साउंडची खोली काही ठिकाणी ३२४ मी. असून ब्रिटनच्या प्रादेशिक जलात याहून खोल जागा नाही. याच कारणाने १९७० च्या दशकात ब्रिटिश संरक्षण खात्याने पाणतीर व पाणबुड्यांच्या चाचण्यांसाठी हे क्षेत्र निवडले.

इतिहास : गावाच्या उत्तरेस सँड येथे समुद्रकाठच्या कपारीत सु. नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मध्याश्मयुगीन लोकांनी टाकलेल्या शिंपल्यांचा ढिगारा व दगडी हत्यारे सापडली आहेत. लोहयुगातील ब्रॉख (चुन्याशिवाय रचलेला गोल दगडी मनोरा) गावाजवळच होता; त्याचे उत्खनन २००६ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आले.

ॲपलक्रॉसला खरे महत्त्व प्राप्त झाले ते ख्रिस्ती मठामुळे. आयर्लंडमधील बँगोर येथील मठाचा संत मेलरूबा (६४२–७२२) हा ६७१ मध्ये समुद्र ओलांडून आला व ६७३ मध्ये त्याने येथे मठ स्थापिला. आयोना बेटावरील संत कोलंबाच्या मठानंतर पश्चिम किनाऱ्यावरील धर्मप्रसाराचे हे एक प्रमुख केंद्र होते. लॉक मरी या प्रसिद्ध सरोवराचे नावही मेलरूबावरूनच पडले. मठाभोवतीचे सु. सहा मैलांचे क्षेत्र अभयक्षेत्र मानले जाई व तेथे आश्रय घेतलेल्यास कोणी हात लावू नये, असा संकेत होता. नवव्या शतकातील व्हायकिंग टोळ्यांच्या स्वाऱ्यांत या मठाचे वैभव लयास गेले. आज क्लाखन येथील चर्चच्या आवारात उभी असलेली क्रूस कोरलेली उंच शिळा व चर्चमध्ये ठेवलेले काही नक्षीदार तुकडे एवढेच त्याचे अवशेष उरले आहेत.

हे स्थळ त्या काळी आडबाजूचे नव्हते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. प्रवास व व्यापार जलमार्गाने होत असताना आयर्लंड, हेब्रिडीज बेटे व स्कॉटलंडचा किनारा यांना जोडणाऱ्या वाटेवर ॲपलक्रॉस होते. पुढे दळणवळण जमिनीवरून सुरू झाले, तेव्हा मात्र तेच गाव जगाच्या टोकाला जाऊन पडले. त्यानंतरचा त्याचा इतिहास हा बव्हंशी रस्त्यांचा व जमिनीच्या मालकीचा इतिहास आहे.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही जमीन मॅकेंझी घराण्याकडे होती. एकोणिसाव्या शतकात ती विकली गेली व नंतर अनेक हात बदलून १९२९ मध्ये विल्स या तंबाखूच्या व्यापारात धनाढ्य झालेल्या कुटुंबाकडे आली. स्कॉटलंडच्या इतर डोंगराळ भागांप्रमाणे येथेही एकोणिसाव्या शतकात चांगली जमीन मेंढपाळीसाठी व पुढे हरणांच्या शिकारीसाठी राखण्यात आली आणि कुळे किनाऱ्यावरच्या खडकाळ पट्ट्यांकडे सरकली. तेथे ‘क्रॉफ्ट’ म्हणजे काही एकरांचे, खंडाने घेतलेले शेत, सामाईक कुरण व मासेमारी यांवर ती गुजराण करीत. बटाट्यावर पडलेल्या रोगामुळे १८४६ पासून दुष्काळ ओढवला आणि अनेकांनी देशांतर केले. कुळांच्या असंतोषामुळे १८८३ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाचा अध्यक्ष लॉर्ड नेपिअर हा पूर्वी मद्रासचा गव्हर्नर (१८६६–७२) व १८७२ मध्ये काही काळ भारताचा हंगामी व्हाइसरॉय होता. त्याच्या अहवालानंतर संमत झालेल्या १८८६ च्या क्रॉफ्टर कायद्याने कुळांना वहिवाटीची शाश्वती, वाजवी खंड व वारसाहक्क मिळाला. मात्र हा कायदा हाती असलेली जमीन टिकविणारा होता. गेलेली परत देणारा नव्हता.

१९७५ मध्ये ॲपलक्रॉसची मालमत्ता एका धर्मादाय न्यासाकडे सोपविण्यात आली. तिचे क्षेत्र २५,००० हेक्टरांहून अधिक आहे, म्हणजे गावकऱ्यांची घरे व शेते वगळता जवळजवळ संपूर्ण द्वीपकल्प तिच्यात मोडते. निसर्गसंरक्षणाच्या दृष्टीने न्यासाचे काम उपयुक्त ठरले असले, तरी गावाचे भवितव्य ठरविणाऱ्या संस्थेत गावकऱ्यांचा आवाज अपुरा आहे, असा आक्षेप वारंवार घेण्यात आला आहे. २०१२ मध्ये भूमिसुधारणेच्या पुरस्कर्त्यांनी सभासदत्वासाठी शंभरावर अर्ज करण्याची मोहीम काढली. न्यासाने ते अर्ज स्वीकारले नाहीत. घर बांधायला जागा कोठे मिळणार, या साध्या प्रश्नापाशी हा वाद येऊन थांबतो, म्हणून त्याकडे केवळ तात्त्विक वाद म्हणून पाहता येत नाही.

रस्ते : १८२२ मध्ये बेलख ना बा (गुरांची खिंड) या डोंगरवाटेवर रस्ता बांधण्यात आला. पूर्वी व्यापारी याच वाटेने गुरांचे कळप दक्षिणेकडील बाजारांना हाकीत नेत. समुद्रसपाटीपासून निघून हा एकेरी रस्ता ६२६ मी. उंचीवर चढतो, काही ठिकाणी त्याचा चढ पाचास एक इतका असून माथ्याजवळ तीव्र नागमोडी वळणे आहेत. हिवाळ्यात बर्फामुळे तो अनेकदा बंद पडतो. दीडशे वर्षे गावाला जमिनीवरून दुसरा गाडीरस्ता नव्हता. एरिक लिंक्लेटरच्या लॅक्सडेल हॉल (१९५१) या कादंबरीत खराब रस्त्याच्या निषेधार्थ वाहनकर नाकारणारे डोंगराळ भागातील गावकरी आहेत. तिच्यावरील १९५३ च्या चित्रपटाचे चित्रण ॲपलक्रॉस येथे झाले, ते यथायोग्यच म्हटले पाहिजे.

अवजड माल व बहुतेक प्रवासी समुद्रमार्गाने येत. रेल्वे १८७० मध्ये स्ट्रोमफेरीस व १८९७ मध्ये कायल ऑफ लॉकाल्शला पोहोचली. कायलहून निघालेली आगबोट उपसागरात थांबे आणि माणसे, टपाल व गुरे पडावातून काठावर आणली जात. पुढे टोस्केगच्या धक्क्यावरून कायलला नियमित बोट सुरू झाली. ती १९७० च्या दशकात बंद पडली.

त्याच दशकाच्या मध्यास शील्डेगहून उत्तर किनाऱ्याने येणारा नवा रस्ता ॲपलक्रॉसपर्यंत पूर्ण झाला. तोवर क्वेग, कॅल्नाकिल, लॉनबेन या वाड्यांना केवळ पायवाट होती. पीठ, कोळसा व आजारी माणूस यांची ने-आण पाठीवरून किंवा होडीने करावी लागे. रस्त्याची मागणी दोन पिढ्या चालू होती, आणि तो आला तेव्हा तो मागणाऱ्यांपैकी बहुतेक कुटुंबे वाड्या सोडून गेली होती. समोरच्या रासे बेटावर कॅलम मॅक्लाउड या क्रॉफ्टरने अशाच दिरंगाईला कंटाळून कुदळ, फावडे व हातगाडी यांच्या साहाय्याने सु. तीन किमी. रस्ता एकट्याने तयार केला (१९६४–७४). त्याचेही फळ तसेच उशिरा मिळाले.

दैनंदिन सुविधा : एवढ्या अल्प वस्तीच्या मानाने गावातील सुविधा उल्लेखनीय आहेत. दुकान, प्राथमिक शाळा, दवाखाना, चर्च, सभागृह, खाणावळ व पेट्रोलपंप या प्रत्येक गोष्टीची संख्या बहुधा एकच असते. परिणामी त्यांपैकी एक बंद पडली, तर तिला पर्याय म्हणजे खिंडीपलीकडचे लॉककॅरन किंवा त्याहून दूरचे गाव होय. मोठे रुग्णालय इन्व्हर्नेस येथे असून ते मोटारीने दोन तासांहून अधिक अंतरावर आहे. अत्यवस्थ रुग्णास हेलिकॉप्टरने हलवावे लागते. माध्यमिक शिक्षणासाठी मुलांना प्लॉक्टन येथे जावे लागते व रोज ये-जा शक्य नसल्याने ती आठवडाभर वसतिगृहात राहतात. बाराव्या वर्षी घराबाहेर पडलेली मुले पुढे गावात परततीलच असे नाही. तथापि प्राथमिक शाळा आहे तोवर लहान मुलांचे आईबाप गावात राहू शकतात. म्हणून अशा खेड्यांत शाळेच्या पटावरील चार-दोन नावांनाही फार मोल असते.

टपाल व प्रवासी यांची एकत्र वाहतूक करणाऱ्या टपालबसगाड्या स्कॉटलंडमध्ये १९६८ पासून सुरू झाल्या. ॲपलक्रॉसलाही अशी गाडी येत असे. टपालवाहकास फेरी करावीच लागते, तेव्हा मागच्या आसनांवर माणसे का नेऊ नयेत, असा हा सरळ हिशेब होता. काटकसरीच्या धोरणात या गाड्या हळूहळू बंद होऊन २०१७ मध्ये स्कॉटलंडमधील अखेरची फेरीही थांबली. स्वतःची मोटार नसलेल्या वृद्धांना याची झळ अधिक बसली.

सरकारी वा खाजगी सेवा मागे हटल्यावर ती चालविण्याची जबाबदारी गावाने स्वतःकडे घेणे, हे अलीकडच्या ॲपलक्रॉसचे वैशिष्ट्य होय. पेट्रोलपंप बंद पडण्याच्या बेतात आला, तेव्हा गावकऱ्यांच्या कंपनीने तो चालविण्यास घेतला. प्रारंभी स्वयंसेवक पाळीने पेट्रोल भरून देत, पुढे पैशाचे कार्ड वापरून स्वतःच पेट्रोल भरून घेण्याची चोवीस तासांची सोय झाली. पंप नसता तर केवळ टाकी भरण्यासाठी खिंड ओलांडून जावे लागले असते आणि त्यात टाकीतील बरेचसे पेट्रोल खर्च झाले असते. २०१५ पासून दुर्गम भागांना लिटरमागे पाच पेन्सची इंधनकर-सवलत मिळू लागली, तिच्यात या टपालविभागाचा समावेश आहे. सार्वजनिक स्वच्छतागृहे व इंटरनेटची जोडणी यांचीही व्यवस्था याच पद्धतीने करण्यात आली. गावाजवळच्या ओढ्यावर सु. ९० किलोवॉटचे लहान जलविद्युत् केंद्र लोकांकडून भागभांडवल उभारून बांधले असून त्याचे उत्पन्न गावाच्या कामांना मिळते. या व्यवस्थेचे कौतुक करताना तिची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. पंप, समिती, अग्निशमन व सभागृह यांचा भार वाहणारी माणसे पुष्कळदा तीच ती असतात व त्यांचे वय वाढत असते.

२०१५ मध्ये उत्तर स्कॉटलंडभोवतीच्या सु. ८३० किमी.च्या मोटारमार्गाची ‘नॉर्थ कोस्ट ५००’ या नावाने जाहिरात सुरू झाली व बेलख ना बा हे त्यावरील मोठे आकर्षण ठरले. त्यामुळे खाणावळ, शिबिरतळ व दुकान यांना चांगले दिवस आले. इनर साउंडमध्ये टोपलीवजा सापळ्यांनी पकडलेल्या कोळंबीला दारातच गिऱ्हाईक मिळू लागले. दुसरीकडे, एकेरी रस्त्यावर शिबिरगाड्यांची कोंडी होऊ लागली, तर घरे सुटीपुरती विकत घेतली गेल्याने व पाहुण्यांना भाड्याने दिली जाऊ लागल्याने किंमती स्थानिक मिळकतीच्या आवाक्याबाहेर गेल्या. दुसऱ्या घरांवरील स्थानिक कर दुपटीपर्यंत वाढविण्याचा अधिकार स्कॉटलंडमधील नगरपरिषदांना २०२४ पासून मिळाला आहे. उन्हाळ्यात खाणावळीला कामगार हवे असतात, परंतु त्यांना राहायला खोली नसते. गाडीरस्त्याअभावी रिकाम्या झालेल्या उत्तर किनाऱ्यावरील कित्येक घरांत आता त्याच रस्त्याने आलेले सुटीचे पाहुणे उतरतात.

क्लाखन येथील १८१७ मधील चर्च, त्याच्या शेजारचे स्थानिक इतिहासाचे संग्रहालय, सँडचा वालुकामय किनारा आणि खिंडीच्या माथ्यावरून दिसणारा स्काय व रासे बेटांचा देखावा ही येथील प्रेक्षणीय स्थळे होत. संग्रहालयात परदेशी गेलेल्यांचे वंशज आपल्या पूर्वजांच्या वाडीचा शोध घेत येतात. संत मेलरूबाची समाधी क्लाखनच्या आवारात असल्याचे परंपरेने मानतात; तेथील माती जवळ बाळगणारा प्रवासी सुखरूप परत येतो, अशी जुनी समजूत आहे.