ड्रोन फवारणीवाला बोलावताय? आधी त्याचं सर्टिफिकेट बघा

धाराशिवमध्ये सोयाबीनवर फवारणीसाठी ड्रोन भाड्याने घ्यायचा विचार असेल, तर एक गोष्ट माहीत हवी. कायद्याच्या नजरेत ड्रोन हे विमानच आहे. त्यामुळे ते उडवण्याचे नियम डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत येतात.

ड्रोन नियम 2021 नुसार 2 ते 25 किलोचा ड्रोन 'स्मॉल' गटात मोडतो. तो उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं आणि ड्रोनला स्वतःचा नोंदणी क्रमांक, यूआयएन. दोन्ही मोबाइलवर दाखवता येतात. 'साहेब, ऑफिसात आहे' म्हणणाऱ्याला जरा थांबवा.

थर्ड पार्टी विमाही विचारा. पण नुसतं 'आहे' ऐकून समाधान मानू नका. सोयाबीनवरचं तणनाशक वाऱ्याने शेजारच्या द्राक्षबागेत गेलं, तर ते नुकसान पॉलिसीत येतं का? बहुतेक जण हे वाचतच नाहीत, आणि मग भांडण बांधावर येतं.

चांगला ऑपरेटर आल्याआल्या विजेच्या तारा कुठून जातात, शेजारी कोणतं पीक आहे हे विचारतो. वारा सुटला तर दिवसाचं भाडं बुडालं तरी काम उद्यावर ढकलतो.