दुकानासाठी बिलाचे यंत्र

मुलांनो, गल्ल्यातील पैशांची चोरी थांबावी म्हणून अमेरिकेतील जेम्स रिटी यांनी १८७९ साली रोकड नोंदवणारे यंत्र तयार केले. आजचे यंत्र बिल देते, शिल्लक मालही सांगते. मात्र महाग यंत्र चांगलेच असते असे नाही. घरचे दुकान असेल, तर आधी गरज ओळखा. किराणा दुकानाला वजनकाट्याला जोडता येणारे, बारकोड वाचणारे आणि उधारी नोंदवणारे यंत्र हवे. हॉटेलात कोणत्या टेबलावर काय मागवले, हे स्वयंपाकघरात लगेच कळले पाहिजे. विक्रेत्याला दोन प्रश्न अवश्य विचारा. वीज किंवा इंटरनेट गेल्यास बिल निघेल का? यंत्र बदलल्यास जुना हिशेब आपल्याला मिळेल का? यंत्र पुन्हा विकत घेता येते; हरवलेली उधारीची नोंद बाजारात मिळत नाही.