समुद्राकाठचे जुने घर: शौक नव्हे, कारोबार

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची कोकणपट्टीत वडिलोपार्जित घरे आहेत. मुले मुंबईला किंवा आखातात, म्हातारी माणसे अल्लाहला प्यारी झालेली आणि घराला कुलूप. अशा घराचे करायचे काय? पाडून विकायचे की ठेवायचे? माझ्या घरातही हाच प्रश्न होता. म्हणून गेल्या वर्षी जे पाहिले ते सांगतो.

माझी मोठी बहीण, म्हणजे आपा, तिचा मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. मे महिन्यात मी आणि आपा त्याच्याकडे गेलो होतो. त्याने सगळ्यांसाठी डेव्हन परगण्यात समुद्राजवळ एक जुने घर आठवड्यासाठी भाड्याने घेतले. तिकडे त्याला हॉलिडे कॉटेज म्हणतात. हे हॉटेल नव्हे. पूर्ण घर आपल्या ताब्यात मिळते, स्वयंपाकघरासकट. भाच्याने लेस्टरहून हलाल गोश्त बर्फाच्या पेटीत घेतले, तवा-पातेली सोबत ठेवली आणि आठवडाभर खाण्याची काही अडचण आली नाही.

घर दोनशे वर्षांपूर्वीचे. भिंती मातीच्या, पेंढा घालून तुडवलेल्या, दोन फूट जाड. या बांधणीला तिकडे कॉब म्हणतात. वर गवताचे छप्पर. दारे इतकी बुटकी की पहिल्याच दिवशी माझ्या कपाळाला टेंगूळ आले. मी भाच्याला म्हटले, ‘‘बेटा, मातीच्या घरासाठी एवढे पाउंड?’’ तो हसून म्हणाला, ‘‘मामू, नवीन घर तर सगळ्यांकडे आहे. लोक जुन्या घराचेच पैसे देतात.’’

खिडकीला फुलांचे छापील पडदे होते. त्या कापडाला तिकडे चिंट्झ म्हणतात, म्हणजे आपली छींट. सतराव्या शतकात हिंदुस्थानची छींट विलायतेत इतकी खपू लागली की तेथील लोकर व रेशीम विणणाऱ्यांनी ओरड केली. सन १७०० मध्ये छापील सुती कापडाच्या आयातीवर आणि १७२१ मध्ये ते वापरण्यावरही कायद्याने बंदी आली. १७७४ मध्ये बंदी उठली, तोवर त्यांचे स्वतःचे छापखाने तयार झाले होते. आज तीच छींट इंग्रजी घराची खास ओळख म्हणून पाहुण्यांना दाखवतात. माल आपला, नाव त्यांचे. कापडवाल्याने हे लक्षात ठेवावे.

आता धंद्याची रीत पाहू. आठवडा बहुधा शुक्रवार किंवा शनिवारपासून धरतात. दुपारी चार वाजता ताबा, जायच्या दिवशी सकाळी दहाला घर रिकामे. मधल्या सहा तासांत सफाई करणारी बाई येते, चादरी-टॉवेल बदलते आणि पुढचे पाहुणे येतात. टेबलावर एक फाइल असते. शेगडी कशी पेटवावी, कचरा कोणत्या दिवशी, जवळचा डॉक्टर कोठे, सगळे लिहिलेले. मालक आम्हाला एकदाही भेटला नाही, तरी काही अडले नाही.

कमाईचा हिशेब सोपा करून सांगतो. समजा आठवड्याचे भाडे १,००० पाउंड आहे. एजन्सीमार्फत ग्राहक आला तर साधारण पाचवा हिस्सा तिचे कमिशन. त्यानंतर सफाई, धुलाई, वीज, विमा आणि बाग. जुलैअखेर ते ऑगस्टअखेर शाळांना सुट्टी असते, तेव्हा भाव चढतो. हिवाळ्यात घर पडून राहू नये म्हणून तीन-चार रात्रींसाठीही देतात. म्हणजे हा हंगामी धंदा आहे. ईदच्या महिन्यातली विक्री बारा महिने धरून चालणारा कापडवाला जसा बुडतो, तसाच ऑगस्टचे भाडे वर्षभराचे समजणारा येथे बुडतो.

सर्वात मोठा खर्च मरम्मतीचा. गवताच्या आढ्याचे काम दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा करावे लागते, चांगल्या बोरूचे छप्पर मात्र कित्येक दशके टिकते. सरकारी यादीत नोंदलेल्या जुन्या इमारतीत परवानगीशिवाय फेरफार करणे तिकडे फौजदारी गुन्हा आहे. म्हणून कामाला जुन्या पद्धतीचा कारागीरच लागतो. शेजारच्या घरावर एक छप्परवाला काम करत होता. भाच्यामार्फत विचारले तर म्हणाला, पुढचे वर्षभर फुरसत नाही. पाहुण्यांच्या भाड्यातून त्याच्या हाताला काम मिळते आणि हुन्नर जिवंत राहतो.

त्याच्याकडूनच एक गोष्ट कळली आणि मी शरमलो. डेव्हनमध्ये म्हणतात, मातीच्या भिंतीला डोक्यावर चांगली टोपी आणि पायात चांगले बूट पाहिजेत. म्हणजे छप्पर पक्के आणि पाया कोरडा. भिंतीवर चुन्याचा गिलावा हवा, कारण चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट फासले तर ओल आत कोंडते आणि भिंत सडते. आमच्या गावच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या, चुन्यात बांधलेल्या. वालिदसाहेबांच्या इंतकालानंतर मीच हौसेने सिमेंटचा गिलावा केला होता. दोन पावसाळ्यांत पोपडे आले. मी दोष गवंड्याला दिला. गवंडी बिचारा मी सांगितले तेच करत होता.

या धंद्याचा एक मोठा नमुना म्हणजे लँडमार्क ट्रस्ट. १९६५ मध्ये जॉन स्मिथ आणि त्यांची पत्नी ख्रिश्चन यांनी ही संस्था सुरू केली. मोडकळीला आलेल्या जुन्या इमारती घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, सुट्टीसाठी भाड्याने द्यायच्या आणि ते भाडे पुन्हा देखभालीला लावायचे, हा तिचा नियम. आज तिच्याकडे सुमारे दोनशे इमारती आहेत. त्यांत टीव्ही ठेवत नाहीत, तरी लोक जातात. डॉर्सेटच्या किनाऱ्यावर १८३० सालचा क्लॅव्हेल टॉवर आहे. कडा ढासळू लागला तेव्हा संस्थेने तो दगड-दगड सोडवून २५ मीटर आत पुन्हा उभारला. २००८ मध्ये काम पूर्ण झाले. आज तेथे दोन माणसे राहू शकतात.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. किनाऱ्याची घरे बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घेतली की भाव चढतात आणि गावच्या पोराला घर मिळत नाही. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज गावाने २०१६ मध्ये मतदान करून ठरवले की नवीन घर फक्त कायम राहणाऱ्यासाठीच. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या घरावर कौन्सिल तिप्पट जादा करही लावू शकते. सुट्टीच्या घरमालकांना आयकरात मिळणारी खास सवलत ब्रिटिश सरकारने एप्रिल २०२५ मध्ये बंद केली. तेव्हा हा धंदा सोन्याची खाण आहे असे समजू नये. पण आपले घर आपल्याच गावात असेल तर आपण कोणाचे छप्पर हिसकावत नाही, हा फरक आहे.

आता आपल्याकडचे. ज्यांना असे घर चालवायचे असेल त्यांनी माझ्या मते चार गोष्टी आधी कराव्यात. पहिली, वारसांची नावे आणि हिस्से कागदावर पक्के करा. बहिणींचा हिस्सा त्यात आलाच पाहिजे. दुसरी, जबाबदार एकच माणूस ठेवा, शक्यतो गावातला, आणि त्याचा मेहनताना ठरवून द्या. तिसरी, भाड्यातला ठराविक भाग मरम्मतीसाठी वेगळ्या खात्यात टाका, वाटणी त्यानंतर. चौथी, पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजना, ग्रामपंचायतीची परवानगी आणि किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे सी.आर.झेड. नियम यांची चौकशी करा. दागदुजी करताना चुना, लाकूड आणि कौले यांचे काम जाणणारा जुना गवंडी व सुतार शोधा. दहा टक्के महाग पडला तरी तो स्वस्तच आहे.

आमच्या घरासाठी एका बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला होता. मी जवळजवळ होकार दिला होता. त्या कॉटेजमध्ये शेवटच्या रात्री आपा म्हणाली, ‘‘भाई, माझा हिस्सा मला पैशात नको. वर्षातून पंधरा दिवस ओट्यावर बसायला मिळाले तरी पुरे.’’ इतकी वर्षे तिला विचारायचे मला सुचले नव्हते.

परत आल्यावर बिल्डरला नकार कळवला. सिमेंटचा गिलावा खरवडायला गावच्या जुन्या गवंड्याला बोलावले आहे. भाऊ अजून राजी नाहीत. धंद्याला तीन वर्षे देऊन पाहू, असे त्यांना म्हटले आहे. नफा-तोटा जो होईल तो याच पानावर सांगेन, इन्शाअल्लाह.