श्रोत्यांच्या वतीने

संगीतावर या व्यासपीठावरून बोलावयाचे ते गवयाने, नाही तर संगीताच्या जाणकाराने, असा संकेत आहे. आम्ही या दोहोंपैकी कोणीच नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. तरीही एका अमेरिकन रॉक वाद्यवृंदाची आणि त्याच्या श्रोत्यांची हकीकत सांगावी असे आम्ही ठरविले, ते एका प्रश्नासाठी. 'हे लोकांना रुचणार नाही' असे कोणी म्हणतो, तेव्हा त्याने लोकांना विचारलेले असते काय? कारखान्याच्या फाटकावर हे वाक्य आम्ही व्यवस्थापकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि कामगारांच्या पुढाऱ्यांच्या तोंडूनही ऐकले आहे. गाण्याच्या धंद्यात त्याच वाक्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

वाद्यवृंदाचे नाव विल्को. आमच्यासारख्यांस हे नाव ठाऊक झाले ते वुडी गथ्री यांच्यामुळे. गथ्री म्हणजे अमेरिकेतील कष्टकऱ्यांचे शाहीरच म्हणा ना! देशोधडीला लागलेले शेतकरी, खाणकामगार, संपकरी यांची गाणी त्यांनी रचली. १९६७ साली ते वारले, तेव्हा त्यांची कितीतरी कवने नुसती कागदावर राहिली. चाली त्यांच्याबरोबर गेल्या. पुढे त्यांच्या कन्या नोरा गथ्री यांनी ती कवने बिली ब्रॅग या इंग्लिश गायकाच्या हाती दिली. १९८४-८५ सालच्या ब्रिटिश खाणकामगारांच्या संपात संपकऱ्यांसाठी गात हिंडलेले हे ब्रॅग. त्यांनी विल्कोला सोबतीस घेतले, उभयतांनी त्या शब्दांना नव्या चाली लावल्या, आणि १९९८ साली 'मर्मेड अव्हेन्यू' ही ध्वनिमुद्रिका निघाली. ज्या रस्त्यावर गथ्री राहत, त्या ब्रुकलिनमधील रस्त्याचे हे नाव.

विल्कोचे प्रमुख गायक जेफ ट्वीडी हे इलिनॉय राज्यातील बेलव्हिल गावचे. वडील रेल्वेच्या नोकरीत. 'अंकल टुपेलो' हा त्यांचा विल्कोआधीचा वृंद. त्याने १९९२ साली काढलेल्या एका ध्वनिमुद्रिकेत खाणकामगारांचे जुने गाणेही होते. १९९४ साली तो वृंद फुटला आणि उरलेल्या मंडळींनी विल्को उभा केला. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतले 'कंट्री' गाणे आणि शहरी रॉक यांचा हा मिलाफ. त्याला 'ऑल्ट-कंट्री' असे नाव पडले, आणि त्याभोवती निष्ठावंत श्रोत्यांचा एक वर्ग जमला. हा वर्ग ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

विल्कोच्या संगीतास 'इंडी रॉक' असेही म्हणतात. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. या शब्दाचा मूळ अर्थ मालकीचा होता : मोठ्या कंपनीच्या दावणीला न बांधलेला लहान प्रकाशक. काळाच्या ओघात मालकीचा अर्थ गळाला आणि तेच एका शैलीचे नाव होऊन बसले. वस्तुतः २००१ साली विल्को रिप्राइज या कंपनीशी कराराने बांधलेला होता. रिप्राइज ही वॉर्नरची, आणि वॉर्नरचा सारा पसारा त्याच वर्षी जानेवारीत 'एओएल टाइम वॉर्नर' या अवाढव्य संस्थेत विलीन झालेला. पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा करारपत्रात काय लिहिले आहे ते आधी पाहावे, ही आमची धंद्याची सवय. ती येथेही उपयोगी पडते.

आता त्या ध्वनिमुद्रिकेकडे वळू. नाव 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट'. बिनतारी संदेश पाठविताना अक्षर चुकू नये म्हणून प्रत्येक अक्षराला एकेक शब्द नेमलेला असतो. वाय, एच आणि एफ या अक्षरांचे हे शब्द. लघुलहरींवर रेडिओ सिलोन शोधताना काटा जरा सरकला की खरखर आणि मधूनच कोणाचे तरी अगम्य बोलणे कानी पडे, हे आमच्या पिढीस आठवत असेल. अशाच लहरींवर, कोणी कोणासाठी चालविली हे उघड न करणारी काही केंद्रे नुसते आकडे आणि अक्षरे वाचून दाखवीत. ती हेरगिरीसाठी असत असा सर्वसाधारण समज आहे. लंडनच्या इर्डियल संस्थेने १९९७ साली या प्रक्षेपणांचा मोठा संग्रह काढला. त्यातील एका स्त्रीचा हे तीन शब्द पुनःपुन्हा उच्चारणारा आवाज विल्कोने एका गाण्याच्या शेवटी घातला, आणि तोही परवानगीवाचून. इर्डियलने दावा लावला व २००४ साली तो तडजोडीने मिटला. दुसऱ्याच्या श्रमाची किंमत कलावंतालाही चुकविता येत नाही, हे आम्हांला बरे वाटले.

हे काम शिकागोतील 'लॉफ्ट' या त्यांच्या स्वतःच्या जागेत झाले. आधी गाणे सरळ, साध्या रूपात मुद्रित करावयाचे; मग त्याची मोडतोड करावयाची; त्यावर घंटानाद, खुळखुळाट, पियानोचे तुकडे, रेडिओची खरखर असे थर चढवावयाचे, अशी रीत होती. शेवटी जिम ओ'रूर्क या प्रयोगशील संगीतकाराने त्यांतले बरेचसे थर उतरविले आणि नवी जुळणी केली. एकूण ११ गाणी. पहिलेच जवळजवळ ७ मिनिटांचे, आणि ते सुरू झाले की गाणे चालू आहे की वाद्ये लावण्याचे काम चालू आहे असा प्रश्न पडावा.

अशा वेळी ऐकणाऱ्याचे काय होते? भजनाला बसलेला टाळकरी आठवा. सम कोठे पडणार हे त्याच्या हाताला आधीच ठाऊक असते. त्याचा कान गाण्याच्या एक पाऊल पुढे चालतो, आणि सम बरोबर पडली की मान आपोआप डोलते. श्रवणाचा आनंद हा पुष्कळसा या अगोदर बांधलेल्या अंदाजाचा आनंद आहे. अंदाज वारंवार चुकला की कान दमतो आणि माणूस रागावतो. तो म्हणतो, 'हे गाणेच नव्हे.' पण पाचव्या-सहाव्या वेळी नव्या वळणांचीही वाट कानाला ठाऊक होते. जी खरखर अडथळा वाटत होती, तीच येण्याची तो वाट पाहू लागतो. म्हणून अशा संगीतावर पहिल्या दिवशी दिलेला निकाल हा बहुधा गाण्याचा नसतो, सवयीचा असतो. हे सगळ्याच विचित्र गाण्यांना लागू आहे असे मात्र समजू नये. शंभर वेळा ऐकूनही नीरस राहणारे पुष्कळ असते. येथे खरखरीच्या खाली सरळ, गुणगुणता येण्याजोग्या चाली होत्या, म्हणून पुन्हा ऐकावेसे वाटले. त्या काळी काही समीक्षकांनी हाच दोष म्हणून दाखविला : साधीच गाणी, वर गोंगाटाचा पोशाख. आमच्या मते निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष तेवढा उलटा आहे.

रिप्राइजच्या अधिकाऱ्यांना मात्र पाच-सहा वेळा ऐकण्याची सवड नव्हती. विलीनीकरणानंतरचे दिवस, नोकरकपात चाललेली, वरून नफ्याचा तगादा. २००१ च्या उन्हाळ्यात त्यांनी बदल सुचविले. वृंदाने नकार दिला. अखेर कंपनीने विल्कोला करारातून मोकळे केले आणि मुद्रणाच्या मूळ फिती घेऊन जाऊ दिल्या. ध्वनिमुद्रिका ११ सप्टेंबर २००१ रोजी बाहेर यावयाची होती, ती आली नाही. त्याच दिवशी न्यूयॉर्कचे दोन मनोरे कोसळले.

१८ सप्टेंबरला विल्कोने ती संपूर्ण ध्वनिमुद्रिका आपल्या संकेतस्थळावर फुकट ऐकावयास ठेवली. मध्ये कंपनी नाही, दुकानदार नाही. श्रोत्यांची खरी प्रतिक्रिया कळली ती येथे. त्या हिवाळ्याच्या तोंडावर वृंद दौऱ्यावर निघाला, तेव्हा दुकानात कोठेही न मिळणारी ही गाणी सभागृहांतले श्रोते शब्दन् शब्द बरोबर म्हणू लागले. 'लोकांना रुचणार नाही' या वाक्याला यापेक्षा चोख उत्तर ते काय असणार?

पण श्रोते एकमुखाने 'वाहवा' म्हणाले असे चित्र रंगविले तर ते खोटे होईल. ऑल्ट-कंट्रीच्या जुन्या निष्ठावंतांपैकी काहींना ही फारकत वाटली; आपला वृंद शहरी पंडितांनी पळविला अशी त्यांची भावना. या मंडळींची थट्टा करण्याची फॅशन आहे, ती आम्हांस मान्य नाही. ज्यांनी वृंदाला लहानपणी वर्गणी देऊन वाढविले, त्यांना तक्रार करण्याचा हक्क आहे. १९६५ च्या न्यूपोर्ट महोत्सवात, गथ्रींना गुरुस्थानी मानणाऱ्या बॉब डिलन यांनी विजेची गिटार हाती घेतली, तेव्हाही हुर्यो उठली होती. ती नव्या शैलीसाठी, की ध्वनिक्षेपकाच्या गोंधळासाठी, की कार्यक्रम आखूड झाला म्हणून, यावर आजही वाद आहे. हुर्यो करणारा प्रत्येकजण एकाच कारणासाठी ओरडत नसतो.

अमेरिकेतील पुष्कळ श्रोत्यांनी ही गाणी ११ सप्टेंबरच्या शोकात ऐकली. एका गाण्यात उंच इमारती हादरण्याचा उल्लेख आहे, एकाच्या शीर्षकात अमेरिकन ध्वजांची राख आहे, आणि वेष्टनावर दोन जुळे मनोरे. सारे त्या घटनेच्या आधीचे, तरी ऐकणाऱ्यांनी आपले दुःख त्यात ओतले. गाण्याचा अर्थ अर्धा श्रोता आणतो, तो असा. वेष्टनावरील मनोरे मात्र न्यूयॉर्कचे नव्हेत, शिकागोच्या मरीना सिटीचे; गोल सज्जांमुळे लोक त्यांना मक्याची कणसे म्हणतात. वास्तुशिल्पी बर्ट्रांड गोल्डबर्ग. १९६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या मनोऱ्यांमागे पैसा आणि पुढाकार होता तो इमारतींतील झाडलोट करणाऱ्या व लिफ्ट चालविणाऱ्या कामगारांच्या संघटनेचा. माणसे शहराचा मध्य सोडून उपनगरांत गेली तर आपल्या सभासदांची कामे जातील, म्हणून मध्यवस्तीतच माणसांना राहावयास जागा बांधली! कामगार संघटनांनी काय काय करून ठेवले आहे, आणि ते किती थोड्यांना ठाऊक आहे!

नोव्हेंबर २००१ मध्ये ननसच या कंपनीने विल्कोशी करार केला. ही ननसचही वॉर्नरचीच. म्हणजे एका हाताने जो माल फुकट सोडला, तोच दुसऱ्या हाताने विकत घेतला. २३ एप्रिल २००२ रोजी ध्वनिमुद्रिका बाजारात आली. ज्यांनी ती सात महिने फुकट ऐकली होती ते आता पैसे कशाला मोजतील, अशी शंका घेणारे होतेच. पहिल्या आठवड्यात सुमारे ५६,००० प्रती खपल्या आणि 'बिलबोर्ड'च्या यादीत तिने १३ वे स्थान गाठले. त्यांची आधीची ध्वनिमुद्रिका ७८ च्या वर चढली नव्हती. पुढे खप पाच लाखांवर गेला. 'व्हिलेज व्हॉइस'ने घेतलेल्या समीक्षकांच्या मतदानात २००२ ची सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका म्हणून तिची निवड झाली.

लहान वृंदाने बलाढ्य कंपनीस नमविले, अशी ही कथा सांगितली जाते. श्रोत्यांस ती फार भावली. गाणी आवडण्यात त्या कथेचाही वाटा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कथेची दुसरी बाजू आम्ही वगळू शकत नाही. जानेवारी २००१ मध्ये पहिल्यापासूनचे ढोलवादक केन कूमर यांना काढून ग्लेन कोची यांना घेण्यात आले. ऑगस्टमध्ये जे बेनेट यांना बाहेर काढले. अनेक वाद्ये वाजविणारे, बहुतेक गाण्यांच्या रचनेत ट्वीडींचे भागीदार असलेले हे बेनेट. सॅम जोन्स यांच्या २००२ च्या माहितीपटात या फाटाफुटीची धुसफूस दिसते. मे २००९ मध्ये बेनेट यांनी रॉयल्टी व त्या माहितीपटातील कामाचा मोबदला मिळावा म्हणून ट्वीडींवर दावा लावला, आणि त्याच महिन्यात, वयाच्या ४५ व्या वर्षी, ते वारले. दाव्यात कोणाचे खरे होते हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. एवढे मात्र खरे की श्रोत्याच्या हातात पोचलेल्या तबकडीत काढून टाकलेल्या माणसांचेही श्रम वाजत असतात.

पुढची गंमत ऐकावी. २००४ च्या ध्वनिमुद्रिकेत सुमारे १५ मिनिटांचे एक गाणे आले, त्यातला बहुतेक भाग नुसता घुमणारा आवाज. पुष्कळांनी कपाळाला हात लावला. २००७ साली 'स्काय ब्लू स्काय'मध्ये वृंद पुन्हा सरळ, मऊ गाण्याकडे वळला, तर आता तक्रार आली ती उलट बाजूने : यात धाडस नाही, हा तर बापलोकांचा रॉक! पाच-सहा वर्षांत श्रोत्यांच्या कानाची सवय एवढी पालटली होती.

२०२२ साली, वीस वर्षे झाली म्हणून, 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट'ची मोठी पेटी निघाली. तीत एकाच गाण्याची निरनिराळी रूपे आहेत, मोडतोड होण्यापूर्वीची आणि मधल्या टप्प्यांवरची. साधे रूप बरे की शेवटचे, हे आता ज्याचे त्याने ताडून पाहावे. २०२३ साली या पेटीला ऐतिहासिक ध्वनिमुद्रणाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. पेटी विकावयास काढली होती ननसचने, म्हणजे वॉर्नरनेच.